०६०३ म्हणजे नेमका केवढा? सर्किट बोर्डावर इंच आणि मिलिमीटरची गल्लत कशी टाळाल

अंबडच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये आजही "तीन सूत सोड" असंच सांगतात आणि लेथवरचा माणूस "दोन थाऊ काढ" म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, थाऊ म्हणजे हजारावा. सर्किट बोर्डवाले त्याच थाऊला मिल म्हणतात: १ मिल = ०.०२५४ मिमी. मिलला मिलिमीटर समजलात तर जवळजवळ चाळीसपट चुकलात.

माझी चूक मात्र वेगळी होती. कांद्याच्या चाळीतलं तापमान आणि दमटपणा नोंदवणारा छोटा बोर्ड केला. ०६०३ हा भागाचा आकार सांगणारा कोड. रेझिस्टर ०६०३ चे मागवले, फूटप्रिंटही, म्हणजे भाग बसवायच्या पॅडांचा (डाग द्यायच्या तांब्याच्या जागांचा) आराखडाही, ०६०३ चं टाकलं. बोर्ड आले, चिमट्यात रेझिस्टर धरून ठेवला, तर दोन्ही पॅड त्याच्या पोटाखाली गायब! फूटप्रिंट मेट्रिक ०६०३ चं होतं.

म्हणून पहिलं काम: कोड सोडा, डेटाशीटमधली (उत्पादकाच्या माहितीपत्रकातली) लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये वाचा. इंचाच्या पद्धतीत ०६०३ म्हणजे ०.०६ × ०.०३ इंच, साधारण १.६ × ०.८ मिमी, मेट्रिकमध्ये हाच भाग १६०८. उलट मेट्रिक ०६०३ म्हणजे ०.६ × ०.३ मिमी, ज्याला इंचवाले ०२०१ म्हणतात. ०४०२ चीही हीच गत: इंचाचा १.० × ०.५ मिमी, मेट्रिकचा ०.४ × ०.२ मिमी. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, सराफ आज तोळा म्हणून १० ग्रॅम तोलतो, तसंच हे. किकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत फूटप्रिंटच्या नावातच ०६०३ आणि १६०८ मेट्रिक असे दोन्ही आकडे असतात. बोर्डाला लागणाऱ्या भागांच्या यादीतही मी आता दोन्ही लिहितो.

दुसरं, पिनांमधलं अंतर. इथे फसगत हळू होते. २.५ मिमीचा कनेक्टर २.५४ च्या फूटप्रिंटमध्ये दोन पिनांचा असेल तर सहज बसतो, पत्ताही लागत नाही. दहा पिनांचा घ्या: नऊ अंतरं, प्रत्येकी ०.०४, म्हणजे शेवटची पिन ०.३६ मिमी बाहेर. बारीक पायांच्या आयसीत तर ०.६५ मिमीला २५ मिल धरलं की प्रत्येक पायाला ०.०१५ मिमीचा फरक साठत जातो. व्हर्निअरने मोजताना शेजारच्या दोन पिना मोजू नका. पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा आणि अंतरांच्या संख्येने भागा. पिनांच्या संख्येने नव्हे.

तिसरं, डेटाशीटमध्ये मूळ माप ज्या एककात आहे त्याच एककात सॉफ्टवेअरमध्ये भरा. ०.५ मिमीचे "साधारण २० मिल" करून टाकायचा मोह आवरा.

मग बोर्ड १०० टक्के मापात कागदावर छापा. प्रिंटरमधलं 'पानात बसवा' आठवणीने बंद करा आणि छापलेली एक कड पट्टीने तपासा. प्रत्यक्ष भाग कागदावर ठेवून बघा. फुकटात होणारी ही तपासणी मी तरी कधीच चुकवत नाही.

बोर्ड बनवणाऱ्याकडे फाइल पाठवण्यापूर्वी ड्रिल फाइल (भोकांच्या जागा) आणि गर्बर (तांब्याच्या थरांची फाइल) एकत्र उघडा. भोकं पॅडच्या मधोमध दिसायला हवीत. सगळी एका कोपऱ्यात गोळा झालेली किंवा बोर्डाबाहेर पसरलेली दिसली, तर आधी एकक बघा, मग ड्रिल फाइलमधल्या आकड्यांत पुढची-मागची शून्यं कशी लिहिली आहेत ते.