शुगर-किडनीच्या पेशंटच्या अंगाचा वास जात नाही? या चुका टाळा

मी घरोघरी जाऊन पेशंट सांभाळते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की ठरलेले फोन सुरू, "ताई, बाबांना दोनदा अंघोळ घालतो तरी वास येतो, एखादा चांगला डिओ सांगा." मी डिओ सांगत नाही. आधी विचारते, वास कुठून येतो? तोंडातून, काखेतून की जांघेतून? निम्म्या घरात कोणी नीट बघितलेलंच नसतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते पावडर आणि मेडिकलवरच्या ट्यूबने. शुगर वाढलेली असली की जांघेत, पोटाच्या घडीत, बायकांना छातीखाली बुरशी लवकर धरते, आणि वरून पावडर थापली की ती घामात भिजून तिथंच लगदा होऊन बसते. धुळ्याकडच्या एका आक्कांकडे गेले तर उशाशी पावडरचा डबा, सूनबाईच्या नाकाला पदर. छातीखाली उचलून बघितलं तर लालभडक, कडेने बारीक पुळ्या, आणि मध्ये पावडरचा थर. मुलगा म्हणे ट्यूब भारी आहे, लावली की खाज लगेच बंद होते. होणारच ना, त्यात स्टेरॉइड! खाज दबते आणि बुरशी आरामात पसरते, ट्यूब थांबवली की पहिल्यापेक्षा जास्त. स्किनच्या डॉक्टरांनी ती बंद करून नुसती बुरशीची क्रीम दिली, काही आठवडे लावा म्हणाले, तर चौथ्या दिवशी मुलाचा फोन, "अजून का नाही गेलं?" अरे भो, इतके महिने दडवलं ते चार दिवसात कसं जाईल!

माझी पद्धत साधी. जुन्या सुती लुगड्याचे धुतलेले तुकडे ठेवते, घडी चोळायची नाही, टिपून घ्यायची, थोडा वेळ पंख्याखाली मोकळी ठेवायची, मग कोरडा तुकडा घडीत. ओलसर झाला की बदलायचा. कंटाळवाणं आहे, पण करावं लागतं.

दुसरी चूक म्हणजे "पाणी पाजा, घाण बाहेर पडेल". किडनीवाल्याच्या तोंडाला लघवीसारखा वास येतो कारण रक्तात साठलेला युरिया लाळेत उतरतो आणि तिथं त्याचा अमोनिया होतो. त्याला पाण्याने धुऊन काढता येत नाही, आणि डायलिसिसवाल्याला तर पाणी मोजूनच असतं. वर शहाळं आणि केळी! दोन्हीत पोटॅशियम भरपूर, किडनी ते बाहेर टाकत नसेल तर हृदयाचे ठोके बिघडतात. आपल्याकडे रावेर-यावलचा पाहुणा केळीशिवाय येत नाही, येऊ द्या, घरच्यांनी खावीत.

काखेत लिंबू-सोडा चोळू नका, कातडी सोलते आणि शुगरवाल्याची जखम लवकर भरत नाही.

पायाला वास येतो म्हणून कढत पाण्यात पाय नको, शुगरने पाय बधिर झालेले असले तर चटका कळतच नाही.

डिओ फक्त वास झाकतो. घाम कमी करायचा तर अँटीपर्स्पिरंट, तेही रात्री, कोरड्या काखेत. भिजलेल्या अंगावर सकाळी घाईत फासून उपयोग नाही.

आणि शुगरवाल्याच्या तोंडाला अचानक पिकल्या फळासारखा, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला, सोबत उलट्या, धाप, सारखी तहान, तर माउथवॉश शोधत बसू नका. रात्रीचे दोन वाजलेले असोत, गाडी काढा आणि सरळ दवाखाना गाठा.