अमेरिकेत घर भाड्याने घेताना क्रेडिट तपासणीची तयारी

अमेरिकेत भाड्याच्या घरासाठी अर्ज केला की घरमालक बहुधा अर्जदाराचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज व उधारी फेडल्याच्या नोंदींचा अहवाल, मागवतो. पुण्या-मुंबईत एजंटची ओळख, कंपनीचे पत्र आणि डिपॉझिट यांवर जे काम होते, ते तेथे बऱ्याच अंशी या कागदावर ठरते. नव्याने गेलेल्या माणसाची अडचण अशी की भारतातला सिबिल स्कोअर कितीही उत्तम असला तरी तो इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या अशा नोंदी ठेवणाऱ्या तिथल्या तीन संस्थांच्या दप्तरात आपोआप जात नाही. तिथे पत दाखवणारा, ३०० ते ८५० या पट्टीवरचा फायको स्कोअर तयार होण्यासाठी क्रेडिट कार्डाचे किंवा कर्जाचे किमान एक खाते सहा महिने जुने असावे लागते, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने तुम्हाला स्कोअरच नसतो. स्कोअर नसणे आणि स्कोअर खराब असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरमालकाला अर्जासोबतच लिहून कळवावे. तो विचारील तेव्हा सांगू, असे म्हणत थांबू नये.

त्या पत्राला पुरावे जोडावेत: पगाराचा आकडा असलेले ऑफर लेटर, बँक स्टेटमेंट, आणि भारतात भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार व भाडे बँकेतून वेळेवर दिल्याच्या नोंदी. न्यूयॉर्क शहरात वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या ४० पट असावे, अशी अपेक्षा सर्रास असते. म्हणजे २,५०० डॉलर भाड्यासाठी १ लाख डॉलर. तेवढे उत्पन्न नसेल तर ८० पट उत्पन्नाचा हमीदार मागतात. अशा वेळी सहा महिन्यांचे भाडे आगाऊ देण्याची तयारी अनेक जण दाखवतात, परंतु न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून डिपॉझिट किंवा आगाऊ रक्कम एका महिन्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि न्यू जर्सीत डिपॉझिटची मर्यादा दीड महिन्याची आहे. त्यामुळे पैशांपेक्षा कागद भक्कम करण्यावर भर द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

काही वर्षे तेथे राहिलेल्यांनी घर शोधायला लागण्याच्या महिनाभर आधी आपला रिपोर्ट स्वतः वाचावा. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम या संकेतस्थळावर तिन्ही संस्थांचे रिपोर्ट दर आठवड्याला विनामूल्य मिळतात आणि स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. मराठी माणसाने नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या पासपोर्टवर पुष्कळदा स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. एका बँकेत ते मधले नाव म्हणून नोंदवले जाते, दुसरीत पहिल्या नावाचाच भाग होते, आणि मग एकाच व्यक्तीची माहिती विखुरते किंवा सारख्या नावाच्या परक्या माणसाची थकबाकी आपल्या खाती दिसू लागते. चूक आढळल्यास संबंधित संस्थेकडे तक्रार करावी. साधारणपणे ३० दिवसांत तिला शहानिशा करावी लागते. आपल्या नावावर परक्याने कर्ज काढू नये म्हणून रिपोर्ट गोठवून ठेवला असेल, तर तो तात्पुरता खुला करावा लागेल का, हे अर्जाआधी घरमालकाला विचारून घ्यावे.

सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकार देते तो ओळख क्रमांक) आणि तपासणीचे शुल्क प्रत्यक्ष घर पाहून, मालकी व पत्ता यांची खातरी झाल्यावरच द्यावे. नंबर साध्या ईमेलने कधीही पाठवू नये. न्यूयॉर्क राज्यात तपासणीचे शुल्क २० डॉलर किंवा प्रत्यक्ष खर्च यांपैकी जे कमी असेल तेवढेच घेता येते, आणि तुम्ही मागील ३० दिवसांतील रिपोर्ट स्वतः दिला तर ते माफ करावे लागते. चार-पाच घरांसाठी अर्ज करणाऱ्याने ही तरतूद अवश्य वापरावी.

रिपोर्टमुळे अर्ज नाकारला, अधिक डिपॉझिट मागितले किंवा हमीदाराची अट घातली, तर १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यानुसार घरमालकाने तसे कळवणे आणि रिपोर्ट देणाऱ्या संस्थेचे नाव सांगणे बंधनकारक आहे. ही सूचना नुसत्या बोलण्यावर न सोडता लेखी मागावी. ती मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत त्या संस्थेकडून रिपोर्टची विनामूल्य प्रत घेता येते. ही संस्था वरील तिघींपैकीच असेल असे नाही. भाडेकरूंची माहिती विकणाऱ्या वेगळ्या कंपन्याही असतात, म्हणून पत्रातले नाव नीट वाचून तेथेच अर्ज करावा, आणि नोंद दुरुस्त झाल्यावर नवा रिपोर्ट त्याच घरमालकाला पाठवून अर्जाचा फेरविचार करण्याची विनंती करावी.