ट्रकच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये ऑइल साचतंय? ते येतं कुठून, हे कसं शोधावं

इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) उघडला आणि आत काळं चिकट ऑइल दिसलं की पहिलं बोट टर्बोकडे, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंपाकडे दाखवलं जातं. टर्बो उतरतो, नवा बसतो, मोठा खर्च होतो आणि महिन्याभरात मॅनिफोल्ड पुन्हा ओला होतो. मॅनिफोल्ड हा या प्रवासाचा शेवट आहे. हवा फिल्टरमधून टर्बोत, तिथून इंटरकूलरमध्ये (दाबलेली हवा गार करणारी जाळी) आणि मग मॅनिफोल्डमध्ये जाते, आणि ऑइल तिच्यासोबत वाहत येतं. म्हणून फिल्टरपासून सुरुवात करा आणि ओलावा पहिल्यांदा कुठे लागतो ते बघा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ज्या इंजिनात ब्रीदरची नळी (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी) टर्बोच्या आधीच्या पाइपला जोडलेली असते, तिथे पातळ तेलकट थर असणारच. पांढऱ्या कापडावर डाग उमटला, एवढ्याने बिघाड ठरत नाही. ऑइल ओघळत असेल, होजच्या तळाला साचलं असेल किंवा वाट अरुंद करणारा डांबरासारखा थर असेल, तर तपासणीला लागा.

पाना हातात घेण्याआधी

ड्रायव्हरला दोन गोष्टी विचारा: किती किलोमीटरमागे किती ऑइल वरून टाकावं लागतं, आणि गाडी उभ्या-उभ्या किती वेळ चालू असते. मुंबईत दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. न्हावा-शेवा बंदराच्या रांगेत किंवा भिवंडीच्या गोदामाबाहेर इंजिन तासन्‌तास आयडलवर राहतं. टर्बोच्या शाफ्टचं सील रबराचं नसतं, ती पिस्टनच्या रिंगसारखी धातूची रिंग असते. हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसर व्हीलच्या मागच्या हवेचा दाब ऑइलला आत अडवून धरतो. आयडलवर तो दाब उतरतो आणि धडधाकट टर्बोसुद्धा थोडं ऑइल सोडतो. त्यामुळे रांगेतून थेट गॅरेजमध्ये आलेल्या गाडीवर निकाल देऊ नका. आधी ती हायवेवर लोडखाली अर्धा-पाऊण तास पळवून आणा.

मग गाडी सपाट जागेवर लावा. टर्बो निवायला इंजिन ३ ते ५ मिनिटं आयडलवर ठेवून बंद करा. हँडब्रेक, चाकांना ठोकळे, बॅटरी कटऑफ, आणि इंजिन हात लावण्याइतकं गार होईपर्यंत थांबा. साहित्य साधंच लागतं: पांढऱ्या सुती चिंध्या, टॉर्च, मोबाइलला जोडायचा बोअरस्कोप (नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा), २ मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी आणि मापाचं भांडं.

डिपस्टिक आणि एअर फिल्टर

डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे असेल तर क्रँक त्यात बुडून फेस करतो आणि तो फेस ब्रीदरमधून बाहेर पडतो. काही न टाकता पातळी वाढलेली असेल तर डिझेल किंवा कूलंट मिसळतंय. मग आधी तेच बघा, कारण डिझेलने पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

फिल्टरचा इंडिकेटर लाल असेल तर एलिमेंट बदला. चोंदलेल्या फिल्टरमुळे टर्बोच्या तोंडाशी व्हॅक्युम वाढतो आणि ऑइल सीलमधून ओढलं जातं. अशा वेळी टर्बो निर्दोष असतो. खडी आणि मातीच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं.

हवेच्या वाटेने चिंधी फिरवा

क्लिप सोडवून एकेक जोड उघडा, आतून स्वच्छ चिंधी फिरवा आणि प्रत्येक चिंधीवर जागेचं नाव लिहून ओळीने मांडा: फिल्टरनंतरचा पाइप, ब्रीदरची नळी जिथे मिळते ती जागा, टर्बोचं तोंड, टर्बोनंतरचा होज, इंटरकूलरची आत आणि बाहेर जाणारी बाजू, मॅनिफोल्ड. या चिंध्या शेजारी-शेजारी ठेवल्या की अर्धं निदान झालेलं असतं.

ब्रीदरच्या जोडापासूनच ऑइल असेल तर दोष क्रँककेसकडचा. टर्बोचं तोंड कोरडं आणि पुढचा होज ओला असेल तर टर्बोकडचा. इंटरकूलरपर्यंत सगळं जवळपास कोरडं आणि फक्त मॅनिफोल्ड काळा असेल तर ईजीआरची (जळलेल्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) काजळी. ती बहुतेक इंजिनांत इंटरकूलरच्या पुढे येऊन मिळते, थोड्याशा तेलकट वाफेत मिसळते आणि काकवीसारखी घट्ट होते. म्हणून ईजीआर बंद करून टाकायचा उद्योग मात्र करू नका. बीएस-६ गाडीत लगेच फॉल्ट कोड येतो, शिवाय ते बेकायदा आहे. व्हॉल्व्ह अडकून उघडा राहतोय का आणि इंजेक्टर नीट फवारतायत का, ते तपासा.

पावसाळ्यात इंटरकूलरच्या तळाशी दुधी, साईसारखं ऑइल सापडलं तर घाबरू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेतलं पाणी तिथे गार होऊन साचतं आणि ऑइलमध्ये घोटलं जातं. पण कूलंटची पातळी घटत असेल, तर ईजीआर कूलर गळतोय का, हे प्रेशर टेस्टने बघायलाच हवं.

दोष टर्बोकडे वाटला तर

कॉम्प्रेसर व्हील बोटांनी फिरवा. शाफ्ट वर-खाली किंचित हलतो. बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगणारं असल्याने तेवढी हालचाल ठीक आहे. व्हील हाऊसिंगला घासायला मात्र नको. आत-बाहेर ढकलल्यावर हाताला जाणवेल इतका खेळ असेल तर थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारं) गेलं. चांगल्या टर्बोत डायल गेजवर हा खेळ साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा.

शाफ्ट ठीक आणि तरी होज ओला असेल, तर टर्बोची ऑइल परतीची नळी काढा. इथे बहुतेक जण घाई करतात. ऑइल टर्बोत पंपाच्या दाबाने जातं, पण परत सम्पमध्ये (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) येतं ते फक्त वजनाने, फेसाळलेलं आणि सावकाश. म्हणून ती नळी जाड असते आणि सतत उतरती असावी लागते. ती दबलेली असेल, आत कार्बन जमला असेल, किंवा गॅसकेटऐवजी लावलेला सिलिकॉन दाबला जाऊन भोकात आला असेल, तर बेअरिंग हाऊसिंग तुंबतं आणि ऑइल सीलवरून बाहेर पडतं. नळीत वरून ऑइल ओता. ते न थांबता खाली गेलं पाहिजे. नव्या टर्बोला जुनी तुंबलेली नळी जोडली की तोही तसाच ओकतो.

दोष क्रँककेसकडे वाटला तर

क्रँककेसमधला दाब बघायची पूर्वापार पद्धत म्हणजे ऑइल फिलरची कॅप उलटी ठेवायची आणि ती उडते का बघायचं. त्यातून अंदाज येतो, माप नाही. माप घ्यायला एका जुन्या कॅपला भोक पाडून निपल बसवा, पारदर्शक नळी जोडा, तिला यू आकारात टांगा आणि अर्धी पाण्याने भरा. इंजिन गरम झाल्यावर आधी आयडलवर आणि मग रेस देऊन दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मिलिमीटरमध्ये लिहा. मॅन्युअलमधल्या मर्यादेशी तुलना करताना ती कोणत्या आरपीएमला आणि किती लोडला दिली आहे, तेही वाचा.

दाब जास्त निघाला तरी लगेच पिस्टनच्या रिंगवर जाऊ नका. ब्रीदरचा फिल्टर एलिमेंट बदलून पुन्हा मोजा. बऱ्याच बीएस-६ इंजिनांत तो ठरावीक अंतराने बदलायचा असतो आणि नेमका तोच विसरला जातो. नंतर ब्रेकच्या टाक्या भरून एअर कॉम्प्रेसर कटआऊट होऊ द्या (म्हणजे तो हवा भरायची थांबवेल) आणि परत बघा. दाब तेव्हा उतरला तर कॉम्प्रेसरच्या झिजलेल्या रिंग क्रँककेसमध्ये हवा भरतायत. एवढं करूनही फरक पडला नाही तर इंजिनची कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती आणि कुठून गळते ते बघणारी) घ्या.

निळ्या धुरावर विसंबू नका. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत जळलेलं ऑइल फिल्टरमध्ये अडकतं आणि सायलेन्सरमधून काही दिसत नाही. तिथे खूण दुसरी असते, रिजनरेशन (डीपीएफमधली काजळी जाळून टाकणं) वारंवार मागितलं जातं.

साफसफाई आणि पुन्हा चाचणी

इंटरकूलरच्या खालचा होज काढून साचलेलं ऑइल भांड्यात घ्या आणि मोजा. चमचा-दोन चमचे ठीक. कपभर निघालं तर ते काढल्याशिवाय इंजिन सुरू करायचंच नाही. एवढं ऑइल एकदम सिलिंडरमध्ये गेलं तर इंजिन तेच जाळून आपोआप पळत सुटतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी हवेचं तोंड जाड फळीने बंद करावं लागतं. हात किंवा कापड कधीही लावू नका, ते आत ओढलं जातं.

टर्बो फुटला असेल तर इंटरकूलर उतरवूनच धुवा, कारण धातूचे कण त्याच्या जाळीत बसतात. मॅनिफोल्डही इंजिनावरून काढून खरवडा. हेडची पोर्ट (हवा आत जायची भोकं) बुजवताना किती चिंध्या कोंबल्या ते मोजून ठेवा आणि जोडणीआधी तेवढ्याच बाहेर आल्या का बघा. डिझेल किंवा क्लीनरने धुतलेला भाग पूर्ण सुकल्याशिवाय बसवू नका. गॅसकेट नवं आणि ढिल्या क्लिपही नव्या वापरा.

लोड घेऊन बोरघाट चढेल अशी एखादी पुण्याची फेरी होऊ द्या, आणि ५०० किलोमीटरच्या सुमारास त्याच जागी नव्या चिंध्या फिरवा. इंटरकूलर धुतलेला असल्याने आता जे ऑइल दिसेल ते ताजंच असेल. जुन्या आणि नव्या चिंध्यांचे फोटो, भांड्यातलं माप आणि किलोमीटर रीडिंग गाडीच्या वहीत लिहून ठेवा.