बेलफास्टची ब्लॅक टॅक्सी टूर कशी घ्यायची, आणि जमलं तर दोनदा का

डब्लिनला आमच्याकडे जे पाहुणे येतात त्यातले निम्मे एक दिवस बेलफास्टला जाऊन येतात, टायटॅनिक म्युझियम बघतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या ट्रेनने परत. म्युझियम छानच आहे, पण त्या दिवसातले दोन तास काढून पश्चिम बेलफास्टची ब्लॅक टॅक्सी टूर घ्याच असं मी प्रत्येकाला सांगतो. मी स्वतः दोनदा घेतलीय, एकदा ऑफिसच्या मित्रांबरोबर आणि नंतर आई-बाबांना घेऊन. पहिल्या वेळी बऱ्याच गोष्टी चुकल्या, तर आता सगळं एकदाच लिहून टाकतो, म्हणजे परत परत व्हॉट्सॅपवर टाईप करायला नको.

आधी व्हिसा, कारण इथे भलेभले फसतात. बेलफास्ट नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, म्हणजे युकेमध्ये. डब्लिनहून ट्रेन दोन-सव्वादोन तासात पोचते, मध्ये बॉर्डर कधी गेली कळत पण नाही, सहसा कोणी पासपोर्ट बघत नाही, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. चालत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर युकेत जायची परवानगी लागते. तुमच्या टुरिस्ट व्हिसावर बीआयव्हीएस असं छापलेलं असेल तर तो एकच व्हिसा दोन्हीकडे चालतो, फक्त ज्या देशाने दिलाय तिथे आधी उतरायचं. गंमत बघा, आई-बाबांना त्यामुळे काहीच करावं लागलं नाही, आणि मी इथे राहतो, टॅक्स भरतो, तर मला वेगळा युके व्हिसा काढावा लागला, कारण आयर्लंडचं रेसिडेन्स कार्ड तिथे चालत नाही. आणि हो, तिकडे युरो नाही, पौंड. सुट्टे पैसे म्हणून तिथल्या बँकांनी छापलेल्या नोटा मिळतात, त्या तिथेच संपवा, लंडनमध्ये दुकानदार त्या उलटसुलट करून बघत बसतो.

आता ही टॅक्सी म्हणजे काय. सत्तरच्या दशकात इथे आयर्लंडमध्ये जायचं म्हणणारे कॅथलिक आणि युकेतच राहायचं म्हणणारे प्रोटेस्टंट यांच्या दंगलींमध्ये बस पळवून जाळायचे, रस्त्यात आडव्या टाकायचे, मग त्या भागातली बससेवाच बंद पडायची. तेव्हा लोकांनी लंडनच्या जुन्या काळ्या टॅक्सी विकत आणल्या आणि ठरलेल्या रस्त्यावर शेअर टॅक्सी सुरू केली, अगदी आपल्या स्टेशनबाहेर असते तशी, सीट भरल्या की निघायचं. फॉल्स रोडच्या टॅक्सी कॅथलिक वस्तीत, शँकिल रोडच्या प्रोटेस्टंट वस्तीत, एकमेकांच्या रस्त्यावर जायचं नाही. १९९८ च्या शांतता करारानंतर टुरिस्ट यायला लागले आणि त्याच धंद्यातून टूर निघाली. म्हणजे तुम्हाला फिरवणारा माणूस बहुतेक वेळा पाठ केलेलं बोलणारा गाईड नसतो, तो त्या गल्ल्यांत वाढलेला असतो. टूरची खरी मजा तीच, आणि खरी अडचण पण तीच.

अडचण सांगतो. माझ्या पहिल्या टूरचा ड्रायव्हर भन्नाट बोलायचा, विनोदी, सगळ्या तारखा तोंडपाठ. फॉल्सच्या बाजूला तासभर थांबलो, शँकिलला दहा मिनिटं, तीही गाडीतूनच. मी खूश. नंतर घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं की शँकिलवर २३ ऑक्टोबर १९९३ ला, शनिवारी भर दुपारी, माशांच्या दुकानात आयआरएचा, म्हणजे कॅथलिक बाजूच्या सशस्त्र संघटनेचा, बॉम्ब फुटला होता, ९ माणसं गेली, त्यात दोन लहान मुली, शिवाय बॉम्ब आणणाऱ्या दोघांपैकी एकही गेला. आम्ही त्याच रस्त्यावरून गेलो होतो आणि त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. तो खोटं काहीच बोलला नाही हं, फक्त त्याच्या गोष्टीत ते येत नव्हतं. दुसऱ्या वेळी मुद्दाम शँकिलकडचा माणूस बघितला, तर त्याने हे सगळं डोळ्यात पाणी येईल असं सांगितलं आणि १९७१ चा मॅकगर्क्स बारचा स्फोट, ज्यात युव्हीएफ या प्रोटेस्टंट बाजूच्या सशस्त्र संघटनेने १५ जण मारले, तो एका वाक्यात उरकला.

म्हणून बुक करताना पहिला प्रश्न हाच: माणूस कुठल्या बाजूचा? तोंडावर "तुम्ही कॅथलिक की प्रोटेस्टंट" असं विचारू नका, विचित्र वाटतं, "तुम्ही लहानाचे मोठे कुठे झालात" विचारा, उत्तर आपोआप येतं. काही कंपन्या सांगतात आम्ही तटस्थ आहोत, असतीलही, पण मला तरी एका बाजूचा आहे हे उघड सांगणारा माणूस जास्त पटतो. जमलं तर दोन टूर घ्या, दोन बाजूंच्या. आणि दोनदा पैसे नको वाटत असतील तर पायी टूर असते ज्यात फॉल्सचा माजी कैदी अर्ध्यापर्यंत नेतो आणि दोन वस्त्यांच्या मधल्या उंच भिंतीपाशी शँकिलच्या माजी कैद्याकडे सोपवतो. ती जबरदस्त, पण पाय मजबूत हवेत, म्हणून आई-बाबांना टॅक्सीच.

पैसे सहसा गाडीचे असतात, डोक्याचे नाही. दोन-तीन माणसांपर्यंत एक रेट आणि वर माणशी जास्त, अशी पद्धत, तेव्हा चारपाच जण जमवलेत तर स्वस्त पडतं. गाडीत पाच जण आरामात, दोघं-तिघं उलटे बसतात समोरासमोर, ड्रायव्हर काचेपलीकडून माईकवर बोलतो. दीड तासाची घेऊ नका, दोन तासांची घ्या. सुरुवातीलाच सांगा की हळू बोला, कारण तिथला अ‍ॅक्सेंट असा आहे की मला इतकी वर्षं इथे राहून पहिली दहा मिनिटं नुसती मान हलवावी लागली. टिप सक्तीची नाही, चांगला बोलला तर द्या. आणि गाडीत बसायच्या आधी बाथरूमला जाऊन या, हे आईने लिहायला सांगितलंय.

कुठे कुठे थांबायचं ते ड्रायव्हर ठरवतोच, पण तुम्ही पण सांगू शकता. फॉल्सवर बॉबी सँड्सचं म्युरल, म्हणजे भिंतीवरचं मोठं चित्र, हा आयआरएचा माणूस तुरुंगात उपोषणाला बसला, उपोषण चालू असताना खासदार म्हणून निवडून आला आणि ५ मे १९८१ ला ६६व्या दिवशी गेला, वय २७, त्याच्यामागून आणखी नऊ जण गेले. उपोषण या शब्दावर आपले कान लगेच टवकारतात, बाबांनी लगेच लाहोरच्या तुरुंगात उपोषणात गेलेला क्रांतिकारक जतीन दास काढला, ड्रायव्हरला माहीत नव्हता, त्याने नाव लिहून घेतलं. पुढे डिव्हिस स्ट्रीटला म्युरल्सची लांबलचक भिंत आहे, तिथली चित्रं बदलत राहतात, पॅलेस्टाईन बहुतेक असतंच. शँकिलकडे गेलात की इस्रायलचे झेंडे दिसतील. स्वतःचं भांडण अपुरं होतं म्हणून दुसऱ्यांचं पण उसनं आणलंय. शँकिलला कॅथलिक राजाविरुद्ध १६९० ची लढाई जिंकलेला प्रोटेस्टंट राजा विल्यम घोड्यावर, फुटपाथच्या कडा लाल-पांढऱ्या-निळ्या रंगवलेल्या.

पण एक जागा अजिबात चुकवू नका. बॉम्बे स्ट्रीट. हो, आपलं बॉम्बे. क्लोनार्ड नावाच्या भागात ब्रिटिश काळातल्या नावांच्या गल्ल्या आहेत, बॉम्बे स्ट्रीट, काश्मीर रोड, कानपूर स्ट्रीट. पाटी बघून बाबा एकदम थांबले, मी म्हटलं फोटो काढा, तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला ही गल्ली जाळली होती, १५ ऑगस्ट १९६९. पलीकडून जमाव आला आणि कॅथलिक लोकांची घरं पेटवली. बाबा तेव्हा दहा वर्षांचे, त्या दिवशी शाळेत झेंडावंदनाला गेले असतील आणि इथे बॉम्बे जळत होतं. घरं परत बांधली आणि मागे भिंत आली. आज त्या घरांच्या मागच्या अंगणावर लोखंडी जाळीचे पिंजरे आहेत, वरून दगड-बाटल्या पडू नयेत म्हणून. एका पिंजऱ्याखाली कपडे वाळत घातले होते. बाबा ९३ ला भायखळ्याला नोकरीला होते. परतीच्या ट्रेनमध्ये त्या दिवसांबद्दल ते जेवढं बोलले तेवढं मी आजवर ऐकलं नव्हतं.

भिंत पलीकडच्या बाजूने, कूपर वे वरून बघायची. खाली काँक्रीट, वर पत्रा, त्यावर जाळी, जसजशी जास्त लांब फेकाफेक व्हायला लागली तसतशी उंची वाढवत नेलेली. ड्रायव्हर मार्कर देतो, लोक नाव आणि संदेश लिहितात. लिहा हवं तर, पण मागे लोक राहतात हे लक्षात ठेवून, "पीस अँड लव्ह" लिहून घरी जाणं सोपं असतं. सरकारने २०१३ मध्ये सांगितलं होतं की २०२३ पर्यंत सगळ्या भिंती काढू, त्या अजून आहेत, आणि शेजारी राहणाऱ्यांना विचाराल तर बरेच जण म्हणतात राहू द्या, रात्री झोप लागते.

काही साध्या गोष्टी. सेल्टिक किंवा रेंजर्स या ग्लासगोच्या क्लबांचा फुटबॉल जर्सी घालून जाऊ नका, एक हिरवा-पांढरा, कॅथलिकांचा, एक निळा, प्रोटेस्टंटांचा, इथे तो नुसता फुटबॉल नाही. घरांच्या खिडक्यांचे, पोरांचे फोटो काढू नका. मारल्या गेलेल्यांच्या स्मारकाच्या बागेत सेल्फी नको, तिथल्या नावांचे भाऊ-बहीण अजून त्याच गल्लीत राहतात. ११-१२ जुलैला जायचं असेल तर विचार करून जा, ११ च्या रात्री मोठमोठ्या होळ्या पेटतात आणि १२ ला ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेच्या मिरवणुका, रस्ते बंद, टूरचं काही खरं नसतं. आणि तुम्ही कुठल्या बाजूचे असं कोणी गमतीत विचारलंच, तर तिथला जुना विनोद आहेच, मी हिंदू आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ते ठीक, पण कॅथलिक हिंदू की प्रोटेस्टंट हिंदू?

टूर संपल्यावर ड्रायव्हर सिटी सेंटरला सोडतो. त्यापेक्षा फॉल्सवरच उतरा, तिथे आयरिश भाषेचं सांस्कृतिक केंद्र आहे, कुल्तुरलान, जुन्या चर्चच्या इमारतीत, प्रोटेस्टंट चर्च होतं ते, आता आत आयरिश पुस्तकं आणि चांगला चहा. तिथून वर सिटी सिमेटरी, १८६९ ची, जिथे जमिनीखाली भिंत बांधलेली आहे, मेलेले कॅथलिक आणि मेलेले प्रोटेस्टंट एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. वरून काहीच दिसत नाही, नुसतं गवत. परत यायला ग्लायडर बस त्याच रस्त्यावरून मिळते.

आम्ही मात्र शहाणपणा केला आणि शँकिलला उतरलो, कारण बाबांना बॉम्बे स्ट्रीटच्या पाटीचा फोटो परत काढायचा होता, पहिल्यात बोट आलं होतं. मॅपवर बघितलं तर लॅनार्क वे वरून हाकेच्या अंतरावर. जून महिना, दहापर्यंत उजेड, आरामात आईस्क्रीम खाल्लं, गेटपाशी गेलो तर गेट बंद. लोखंडी दरवाजा, पलीकडे क्लोनार्ड, आणि माणूस कोणी नाही. ही गेटं संध्याकाळी बंद होतात, उजेड असो की अंधार. मग शँकिलवरून खाली पार शहराच्या टोकापर्यंत आणि तिथून फॉल्सवरून परत वर, आईच्या गुडघ्यांसकट. तेव्हा गेट किती वाजता लागतं ते ड्रायव्हरला आधीच विचारून ठेवा.