अर्धा कोयता आणि साडेसातचा स्लॉट

चॅनेलमध्ये काम करते म्हटलं की बार्शीला पहिला प्रश्न ठरलेला, "मग दिसत कशी नाहीस?" मी मराठी वाहिनीच्या फिक्शन विभागात आहे. लेखकांबरोबर ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा ठरवायचा, संवाद वाचायचे, एपिसोड टेलिकास्टला जाण्याआधी बघायचा. आपल्याकडच्या, आपल्या बोलीतल्या गोष्टी पडद्यावर आणायच्या म्हणून या धंद्यात येऊ पाहणारी मुलं भेटतात, त्यांना मी आधी गुरुवारबद्दल सांगते.

गुरुवारी बार्कचे आकडे येतात. निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर लावून कोण काय बघतं ते मोजणारी ही संस्था. बार्कची मोजणी 2015 मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी तिच्यात ग्रामीण भागही आला. त्यानंतर झी मराठीवर काय काय लागलं ते आठवा. 2016 मध्ये मालवणी ढंगाची 'रात्रीस खेळ चाले' आणि कोल्हापूरच्या पैलवानाची 'तुझ्यात जीव रंगला', 2017 मध्ये साताऱ्याकडच्या फौजीची 'लागिरं झालं जी'. मला तरी हा योगायोग वाटत नाही. ज्याच्या घरात मीटर, त्याची बोली पडद्यावर. म्हणून आकड्यांना शिव्या घालू नका, ते वाचायला शिका. "सगळ्या समाजांच्या गोष्टी यायला हव्यात" याला मीटिंगमध्ये कुणीच नाही म्हणत नाही, आणि पुढे काही होतही नाही. "साडेसातला गावाकडचा प्रेक्षक येतो, पण पहिल्या ब्रेकला उठून जातो" असं कागद दाखवून म्हणा, मग लोक ऐकतात.

अर्थात विषय मोठा म्हणून स्लॉट टिकतो असंही नाही. सोनी मराठीवरची 'सावित्रीजोती' जानेवारी 2020 मध्ये आली आणि त्याच डिसेंबरात संपली. मला ते अजून लागतं.

काही वर्षांपूर्वी आम्ही ऊसतोड कुटुंबाचा एक ट्रॅक केला. संवाद लिहायला बीडकडचा मुलगा आणला होता, त्याचे आईवडील तोडीला जायचे. त्याच्या पहिल्याच सीनवर शेरा आला : 'कोयता शब्द हिंसक वाटतो, बदला.' आता तोडीवर कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती कोयत्यामागे. हे मी मीटिंगमध्ये दहा मिनिटं समजावलं, कुणाला काही कळलं नाही. त्या रात्री मुलाने नवा सीन लिहिला. नवरा गेलेली बाई उचल मागायला येते, मुकादम वहीतून मान वर न करता म्हणतो, "तू आता अर्धा कोयता." बास. दुसऱ्या दिवशी सीन वाचून झाला आणि शब्द बदलायची गोष्ट कुणी काढली नाही.

चूक झाली ती माझ्याकडून. सगळं लक्ष संवादावर होतं, सेटवर गेलेच नाही. पाचटाची कोपी, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची झोपडी, झकास उभी राहिली होती, आणि तिच्यात कोपऱ्यात लाल सिलेंडर, दोन बर्नरची शेगडी. मी ते एडिटला पाहिलं. हातात तयार एपिसोडची बँक फक्त चारची, रीशूट शक्यच नव्हतं. टेलिकास्टच्या रात्री मुलाचा फोन आला. "ताई, आई विचारतीये, कोपीत गॅस कुणी दिला?"

या कामात शिरायचं कसं? पुण्यात एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेचे टेलिव्हिजनचे एक वर्षाचे कोर्स आहेत, जमलं तर करा. पण बरेचसे जण निर्मितीसंस्थेत असिस्टंट म्हणून लागतात आणि मढ किंवा घोडबंदरच्या शूटिंगच्या बंगल्यांवर कंटिन्युइटी, म्हणजे कुठल्या सीनला कपडे, वस्तू कशा होत्या याची नोंद, लिहीत शिकतात. पहिली दोन वर्षं पैसे बेताचे, झोप त्याहून कमी. वन-लाइन, म्हणजे सीनची थोडक्यात रूपरेषा, हातात आली की त्या घरात चपाती म्हणतात की पोळी, हे विचारायची सवय तेव्हापासून ठेवा. लोक वैतागतील. वैतागू देत.

पुढे निर्णय घ्यायच्या खुर्चीत बसलात तर एक करा. ज्यांची गोष्ट आहे त्यांतल्या माणसाला सल्लागार म्हणून चहा पाजून पाठवू नका. संवादलेखक म्हणून श्रेयनामावलीत नाव द्या आणि त्या कामाचे पैसे द्या. बोली नंतर 'टाकता' येत नाही. प्रमाण भाषेत लिहून वर चार 'व्हय' पेरले की ते गावाकडच्या माणसाला पहिल्या वाक्यात कळतं.

तो मुलगा आता दुसऱ्या मालिकेवर माझ्याबरोबर आहे. परवा त्याला सेटसाठी सामानाची यादी मागितली. तीन दगडांची चूल, पाण्याचा ड्रम, ताडपत्री, वाढ्याचे (उसाच्या शेंड्यांचे) भारे, सगळं नीट लिहून पाठवलं होतं. तळाला एक ओळ : "ताई, गॅस नको."