वेल्डर ट्रेड घेताय? मग आधी कानस हातात घ्या

आयटीआयच्या फॉर्ममध्ये मी पहिला पर्याय इलेक्ट्रिशियन टाकला होता, दुसरा फिटर. नंबर लागला वेल्डरला. घरी कुणी पेढे वाटले नाहीत. "गेटं-ग्रिलं जोडायला सर्टिफिकेट कशाला लागतंय?" असं चुलते म्हणाले. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

ट्रेड एक वर्षाचा. आठवी पासवर अर्ज करता येतो, पण दहावी करूनच या; ड्रॉइंग वाचायला आणि हिशेबाला सोपं जातं. आयटीआय निवडताना इमारत बघू नका. तिथल्या जुन्या पोरांना गाठा आणि एकच विचारा, दिवसाला किती रॉड, म्हणजे वेल्डिंगच्या काड्या, जाळायला मिळतात? मशीन चारच आणि त्यातली दोन बंद असतील, तर वर्ष रांगेत उभं राहण्यात जाईल.

सुरुवातीचे दिवस हॅकसॉ, कानस, मार्किंग यातच जातात. हाताला फोड येतात, पोरं दांड्या मारतात. मीही मारल्या. वेल्डिंग शिकायला आलो आणि लोखंड काय घासत बसायचं!

मग एकदाचा होल्डर, म्हणजे रॉड धरायचा चिमटा, हातात येतो. 3.15 एमएम जाडीचा 6013 नंबरचा रॉड, करंट शंभर-एकशेदहा अँपिअरच्या आसपास, समोर सपाट प्लेट. काडेपेटीची काडी ओढावी तसा रॉड घासायचा. चिकटतोच. माझा पहिल्या दिवशी इतक्यांदा चिकटला की शेजारचा मोजायला लागला. घाबरून तोंडापुढची शील्ड वर करू नका. मनगटाला झटका द्या, नाही सुटला तर होल्डरचा चिमटा उघडून रॉड सोडा.

आर्क, म्हणजे रॉड आणि प्लेटमधली विजेची ज्योत, जमला की नाही हे आधी कानाला कळतं. तापल्या तेलात भजी सोडल्यावर येतो तसा एकसारखा चर्र आवाज हवा. फडफड झाली, ठिणग्या लांब उडाल्या, की रॉड फार वर गेलाय. रॉडच्या आतल्या तारेची जाडी जेवढी, साधारण तेवढंच अंतर ठेवायचं. आणि नजर? नवीन पोरगा उजेडाकडे बघतो. बघायचं असतं खालच्या वितळलेल्या धातूकडे. धातू चकाकतो आणि स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाची वितळलेली मळी, त्यावर सायीसारखा मागे सरकत जातो. हा फरक मला दिसायला महिना लागला. तोवर नुसता अंदाजपंचे कारभार.

डोळ्यांचं मात्र मनावर घ्या. टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरायचा छोटा टाका, मारताना एकदा मी काच न धरता "एवढंसंच तर आहे" म्हणून मारला, आणि असं दिवसात चार-पाच वेळा झालं. रात्री दोनला डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यागत आग. आजीनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. गार वाटलं, बाकी काही नाही. सकाळी डॉक्टरच गाठावा लागला. कपडे सुती घाला, टेरिकॉट अंगाला चिकटतं. पँट खाली दुमडू नका, ठिणगी नेमकी तिथंच जाऊन बसते. गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडायचा असेल तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढा आणि उघड्यावर काम करा. त्या धुरानं थंडी वाजून ताप भरतो.

आता अप्रेंटिसशिपचं. मार्कशीट तिथं फाइलमध्ये जाते आणि तुमच्या हातात टेस्टची प्लेट येते. चाकणला एका कंपनीत मला 3G दिली, म्हणजे उभी प्लेट, खालून वर जोडत जायचं. दहा एमएमचे दोन तुकडे, स्वतः कापून, कडा तिरक्या घासून, मध्ये तीन एमएम गॅप ठेवून. वरून जोड असा देखणा आला की मी मनातल्या मनात जॉइन झालो होतो. मग त्यांनी त्यातून पट्ट्या कापल्या आणि प्रेसमध्ये वाकवल्या. मागच्या बाजूनं पट्टी पिकलेल्या शेंगेसारखी उकलली. रूट, म्हणजे जोडाचा तळ, भरलाच नव्हता.

तिथल्या वयस्कर फोरमननी तुकडा उचलून उजेडाकडे धरला. मला वाटलं, आता करंटची चूक काढणार, नाहीतर हाताची. त्यांनी फक्त विचारलं, "गॅप खाली तीन आणि वर दीड कसा रे?" कड वाकडी घासली होती. पुढे काही न बोलता त्यांनी टेबलावरची कानस माझ्याकडे सरकवली.

तीन दिवस मी रॉडला हात लावला नाही. चौथ्या दिवशी दुसरी प्लेट दिली, ती वाकली, पण उकलली नाही.