मे महिन्यात ज्वालामुखीवर स्नोबोर्ड नेताय? या चुका टाळा

एप्रिल संपत आला की वॉशिंग्टन आणि ओरेगनमधल्या स्की रिसॉर्टच्या लिफ्ट एकेक करून बंद होऊ लागतात आणि बोर्डवाल्यांची नजर कॅस्केड रांगेतल्या ज्वालामुखींकडे वळते. माउंट हूड, माउंट अॅडम्स, माउंट बेकर. सिएटल-पोर्टलंडकडच्या मराठी मंडळींपैकी ज्यांना हे वेड लागलंय, त्यांच्याकडे सह्याद्रीत तयार झालेला दम असतो आणि रिसॉर्टवर कमावलेला हातखंडाही असतो. गडबड होते ती बर्फाच्या वेळापत्रकात. या डोंगरांवर वसंतातला बर्फ दर दोन तासांनी वेगळा असतो, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

फ्रीझिंग लेव्हलच्या आकड्यावर विसंबणं

हवामानाच्या अंदाजात ‘फ्रीझिंग लेव्हल ८,००० फूट’ असं वाचलं की लोक खूश होतात: त्याच्या वर सगळं गोठलेलं असणार! पण तो आकडा हवेच्या तापमानाचा. आभाळ निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग रात्रभर आकाशाकडे उष्णता सोडत राहतो आणि हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी त्याचा वरचा थर गोठतो. ढगाळ रात्री मात्र ही उष्णता बाहेर पडत नाही. मग आकडा कितीही चांगला दिसो, पहाटे बर्फ ओलाच सापडतो.

म्हणून रात्री ढग होते की नाही, हे आधी बघा. खरी परीक्षा बुटाची. पहाटे सहाला बूट घोट्यापर्यंत रुतत असेल, तर त्या दिवशी बर्फ गोठलेलाच नाही. ऊन आल्यावर तो सुधारणार नाही, आणखी बिघडेल. परत फिरा. परमिट काढलंय, सुट्टी टाकलीय, चार तास गाडी चालवून आलोय, हे बर्फाला ठाऊक नसतं.

याच जातीची आणखी एक चूक. नॉर्थवेस्ट अॅव्हलांच सेंटरचा रोजचा हिमस्खलन अंदाज एप्रिलमध्ये थांबतो. अंदाज थांबला म्हणजे धोका संपला, असा सोयीचा अर्थ काढू नका. खडकांच्या कडेने बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडत खाली येऊ लागले, की तो उतार सोडायची वेळ झाली. ओल्या बर्फाचं स्खलन वेगाने फार नसेल, पण जड असतं, आणि तुम्हाला ओढत नेऊन खडकावरून किंवा हिमभेगेत टाकायला तेवढं पुरतं.

गिर्यारोहकांचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलणं

माझ्या मते बोर्डवाल्यांची सगळ्यात मोठी चूक ही. हूडवर चढणारे मध्यरात्रीच्या सुमारास पायथ्याच्या टिंबरलाइन लॉजहून निघतात, सूर्योदयाला माथ्यावर असतात आणि ऊन लागायच्या आत खाली येतात. पायी चढणाऱ्यांसाठी ते अगदी बरोबर आहे, कारण ऊन लागलं की माथ्याखालच्या पर्ली गेट्स या अरुंद घळीच्या भिंतींवरचा बर्फ सुटून खाली पडू लागतो. पण तुम्ही सकाळी साडेसहाला माथ्यावर बोर्ड बांधलात, तर पायाखाली असतो रात्रभर गोठलेला, टणक, एज (बोर्डची धातूची कड) न धरणारा पृष्ठभाग. तिथे घसरलात तर खाली हॉग्सबॅकची बर्फाची धार, तिच्या आसपास भेग, आणि बाजूला गंधकाच्या वाफा सोडणारी विवरं. ३० मे २००२ रोजी एका दोराला बांधलेले गिर्यारोहक वरून घसरले, त्यांनी खालच्यांनाही ओढून नेलं, माणसं याच भेगेत पडली आणि तिघांचा मृत्यू झाला. बचावासाठी आलेलं हेलिकॉप्टरही त्या दिवशी कोसळलं. ती मंडळी बोर्डवर नव्हती, पायी होती. त्या उतारावर थांबायला जागा किती कमी आहे, हे मात्र त्यावरून कळतं.

उपाय सोपा आहे, अभिमान तेवढा बाजूला ठेवावा लागतो. हूडवर बोर्ड हॉग्सबॅकपाशी ठेवा, वरचा टप्पा क्रॅम्पॉनवर (बुटाला लावायच्या काट्यांवर) चढा आणि क्रॅम्पॉनवरच उतरा. मग खालचा उतार मऊ होईपर्यंत थांबा. माथ्यावरून बोर्ड केल्याचा फोटो मिळणार नाही, एवढंच.

अॅडम्सचा दक्षिण मार्ग या बाबतीत जास्त उदार आहे. १९३० च्या दशकात माथ्यावर गंधकाच्या खाणीचे प्रयत्न झाले, तेव्हा खेचरंसुद्धा वर नेली होती. म्हणून लोक त्याला हलक्यात घेतात. पण चढ सुरू होतो त्या कोल्ड स्प्रिंग्जपासून ३,७४३ मीटरच्या माथ्यापर्यंत दोन हजार मीटरहून जास्त चढ आहे, आणि मे महिन्यात रस्त्यावर बर्फ असला तर गाडी बरीच खाली ठेवावी लागते. इथे पहाटे माथा गाठायची घाई नको. पायकर्स पीक हा खोटा माथा दहा-अकराच्या सुमारास गाठला तरी चालतं. तिथून सुटणारे साउथवेस्ट शूट्स, म्हणजे उतरत्या घळी, नैर्ऋत्येला तोंड करून आहेत, त्यामुळे दक्षिणेच्या उतारापेक्षा ते उशिरा मऊ होतात.

मऊ म्हणजे किती? एज दोन-तीन सेंटिमीटर आत जावी, तिच्याखाली कडक थर लागावा. दुधावर साय धरते तसा हा थर, खाली सगळं घट्ट. यालाच कॉर्न म्हणतात, आणि त्यासाठीच तर एवढा खटाटोप. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला की कॉर्न संपला. वारा असेल तर मात्र दुपारचे बारा वाजले तरी माथ्याकडचा भाग गोठलेला राहतो आणि खाली हजार मीटरवर चिखल होतो. अशा वेळी वरचं मऊ व्हायची वाट बघत बसू नका. क्रॅम्पॉनवर उतरत या आणि जिथे एज धरेल तिथे बोर्ड बांधा.

भेगा दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं समजणं

कॅस्केडच्या ज्वालामुखींत हिमनद्यांच्या बाबतीत माउंट रेनियरखालोखाल बेकरचा नंबर लागतो. मे महिन्यात ईस्टन किंवा कोलमन हिमनदी गुळगुळीत पांढरी दिसते. भेगा असतातच, फक्त त्यांच्यावर हिवाळ्याच्या बर्फाचे पूल असतात. पहाटे हे पूल घट्ट असतात, दुपारी त्यांचा भरवसा नाही. कॉर्नसाठी थांबायचं तर पूल मऊ होतात, हा पेच बेकरवर सुटत नाही. तिथे मी कॉर्नचा हट्ट सोडून थोडं आधी उतरणं पसंत करतो.

बोर्डवाल्यांची खास अडचण सपाटीवर येते. वेग संपतो, बोर्ड अडकतो, आणि माणूस सवयीने एक पाय सोडून ढकलायला लागतो. बोर्डवर असताना वजन लांब पट्टीवर पसरलेलं असतं. पाय खाली ठेवला की तेच वजन एका बुटावर येतं, तेही नेमकं मऊ झालेल्या पुलावर. म्हणून सपाट टप्पे चढतानाच हेरून ठेवा, उतरताना वेग राखून पार करा. थांबावंच लागलं तर चढतानाच्या पायवाटेवर थांबा आणि दोर बांधून चाला.

आणि दोर कोणाकडे? हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) घातलेला, दोर पाठीवर, आणि तो पठ्ठ्या सगळ्यात पुढे! तोच भेगेत गेला तर दोरही त्याच्याबरोबर आत. दोर शेवटून येणाऱ्याकडे ठेवा. दोन असले तर उत्तम.

गंधकाचा वास येतो तिथेही बर्फ खालून पोकळ असू शकतो. बेकरच्या शर्मन विवराच्या कडेला किंवा हूडच्या वाफांजवळ बसून डबा उघडण्याचा मोह होतो, कारण तिथे ऊब असते. पोकळीत साठलेला वायू जीव घेऊ शकतो. दुसरीकडे बसा.

सामानातल्या चुका

क्रॅम्पॉन घरी बुटावर चढवून बघा. स्नोबोर्डच्या मऊ बुटाला पुढची तार अडकवायला खाच नसते, पट्ट्यांचेच लागतात. उतारावर बोर्ड ठेवताना बाइंडिंग (बूट अडकवायची पकड) बर्फात रुतेल असा उलटा ठेवा. सुटलेला बोर्ड खाली दोर बांधून चढणाऱ्यांच्या दिशेने सुसाट जातो. बोर्ड बांधण्याआधी आइस अॅक्सने (बर्फाच्या कुऱ्हाडीने) बसण्यापुरती पायरी खोदा. पाठीवरचा उभा बोर्ड वाऱ्यात माणसाला फिरवतो, तेव्हा धारेवर जाण्याआधी वारा बघा.

उन्हाचं थोडक्यात: ताजा बर्फ सुमारे ८० टक्के अतिनील किरण परत फेकतो. नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीखालीही क्रीम लावा, चष्मा काढू नका. डोळे भाजल्याचं काही तासांनी कळतं.

उतार नेईल तिकडे जाणं

मे म्हणजे उन्हाळा नव्हे. १९८६ च्या मेमध्ये हूडवर एका शाळेच्या गटाला वादळाने गाठलं आणि नऊ जण गेले. ढग उतरले की हूडवर पाय आपोआप उताराच्या दिशेने वळतात. पण तो उतार लॉजकडे येत नाही, नैर्ऋत्येला झिगझॅग दरीकडे आणि मिसिसिपी हेडच्या कड्यांकडे नेतो. चढतानाच ट्रॅक फोनमध्ये उतरवून घ्या. थंडीत बॅटरी बसते म्हणून कंपास आणि दिशेचा आकडाही जवळ ठेवा.

अॅडम्सवर साउथवेस्ट शूट्स उतरून आलात की मोह होतो अजून खाली जाण्याचा, बर्फ जंगलापर्यंत पोचलेला असतो म्हणून. तसं गेलात तर गाडी पूर्वेला आणि तुम्ही भलत्याच ओढ्यात. साधारण ६,००० फुटांवर राउंड द माउंटन ट्रेल लागते. ती बर्फाखाली असेल तर उंची न गमावता डावीकडे वळा आणि बोर्ड खांद्यावर घेऊन कोल्ड स्प्रिंग्जकडे आडवे चला. इथे तासभर सहज जातो, तेव्हा पाणी तेवढं शिल्लक ठेवा.